कुंपणातून एकेक

एक झोपलेलं बदक. बटर टार्ट या गोड खाऊचा उघडा डबा, कुणी हात न लावलेला. दहा वाजून चार मिनिटं. खिडकीबाहेर कॅनडातल्या वॉटर्लूच्या रस्त्यावर बर्फ हटवणारी गाडी, पुढे-मागे, पुढे-मागे. पालथा घातलेला फोन. चार नावं.

ती चार नावं जॅनेल ब्रुबाकरला पाठ होती, आणि ती चारही माणसं आपापल्या घरून, पडद्यावरच्या चौकोनांतून तिच्याकडे बघत होती.

वरून हुकूम होता. साडेदहापर्यंत सगळ्या टीमला मीटिंगमध्ये गुंतवून ठेवायचं. मग त्या चौघांना नोकरी गेल्याचं कळवलं जाईल. "तोवर अवाक्षर काढलंस, तर तुझीही जागा जाईल," तिच्या वरच्या साहेबीणबाई म्हणाल्या होत्या. जॅनेलच्या नवऱ्याची औषधं कंपनीच्या विम्यावर चालत.

"माझा बोकड गेला," गार्नेट म्हणाला.

कामाच्या ताणावर उतारा म्हणून मार्सेलने वर्षापूर्वी सगळ्यांना एक प्लगइन बसवून दिलं होतं. कोड लिहायच्या खिडकीच्या तळाशी हिरवं कुंपण, त्यात प्रत्येकाचा एक प्राणी. चूक निघाली की प्राणी रडत, सुटली की उड्या मारत. जॅनेल हल्ली कोड लिहीत नसे. ती खिडकी तिने कित्येक महिन्यांत उघडली नव्हती. आता मार्सेलने आपला पडदा सगळ्यांना दाखवला. बोकड खरंच नव्हता; मार्सेलचं बदक मात्र झोपलेलं होतं.

"म्हातारा झाला होता रे," टेस म्हणाली. "मालकावर गेला होता ना."

"तुझं कासव बघ आधी. नाताळापासून जागचं हललंय का?"

सगळे हसले. जॅनेललाही हसावं लागलं. यादीतलं पहिलं नाव गार्नेटचं होतं.

दहा अकराला कासव गेलं.

"हललं! हललं!" टेसने टाळ्या पिटल्या.

"थांबा. माझाच काहीतरी घोळ आहे." मार्सेल खुर्चीत पुढे सरकला. महिनाभर मरगळलेला माणूस, त्याचे डोळे लकाकले. सगळे मिळून चूक शोधायला लागले. हे करून बघ, ते बंद कर, नाही रे, उलट कर. दहा सतराला ओडेटचा ससा गेला, तेव्हा तर सगळ्यांना जास्तच चेव आला.

जॅनेल बघत राहिली. आपलीच गच्छंती ही माणसं मन लावून दुरुस्त करत होती. आणि दाराला कडी घालून तीच बसली होती. तिने पाणी प्यायलं. घड्याळ बघितलं. आणखी तेरा मिनिटं. फक्त गप्प बसायचं होतं.

"जॅनेल, आजची बाकीची कामं राहू देत," मार्सेल मान वर न करता म्हणाला. "माझं बदक जायच्या आत मी हे शोधतोच. नाहीतर नावाचा मार्सेल नाही."

चौथं नाव त्याचं होतं.

"मार्सेल, सोड ते," ती म्हणाली. "तुझं काही चुकलेलं नाही."

"मग प्राणी का हरवताहेत?"

"हरवत नाहीत. खातं बंद झालं की प्राणी जातो. गार्नेट, टेस, ओडेट. आता तू. तुम्हा चौघांना काढलंय. साडेदहाला ही मीटिंगही बंद होईल. एकमेकांचे घरचे नंबर लिहून घ्या. पटकन."

मग गार्नेटने पेन शोधायला खण उघडल्याचा आवाज आला.

"तुला हे सांगायची परवानगी होती?" टेसने विचारलं.

"नाही."

गेली, आपलीही जागा गेली. पण सकाळपासून पहिल्यांदाच तिला पुरता श्वास घेता आला. मार्सेल सावकाश आपला नंबर सांगू लागला आणि तिनेही तो लिहून घेतला.

जॅनेलच्या नावाची मेंढी कुंपणातून, कुणाच्याही लक्षात न येता, सगळ्यांच्या आधी गेली होती, नऊ वाजून छप्पन्न मिनिटांनी.