सुरुवातीचा पगार

निडीची कुंदा बी.कॉम. होऊन सरकारी कंपनीच्या मुलाखतीला रोह्याला गेली, ते साल ब्याऐंशीचं. साहेबांनी विचारलं, “पगाराची अपेक्षा किती?” तिचे वडील हिरामण वीस वर्षं सरकारी गोदामात शिपाई होते आणि महिन्याला अडीचशे रुपये घरी आणत. म्हणून ती भीतभीत म्हणाली, “तीनशे.” साहेब हसले. “अहो, आमचा नवा शिपाईसुद्धा पाचशे घेतो. तुम्हाला आठशे मिळतील.” बाहेर थांबलेल्या वडिलांना तिने विचारलं, “बाबा, मग तुम्हाला अडीचशेच कसे?” हिरामण चपलेने माती उकरत राहिले. “मी शिपाई नाय गो. रोजंदारीवर हमाल हाय, पहिल्यापासून. आयेला बोलू नको.” पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. आईने चुलीपुढूनच विचारलं, “पगार किती लिवलाय गो?” हिरामण अंगणाकडे बघू लागले. पत्राची घडी घालत कुंदा म्हणाली, “सुरुवातीला बाबांएवढाच मिळतो, आये.”