दोन कोटी चार लाख सत्तर हजार एकशे एकतीस

मेंदूच्या ऑपरेशननंतर गणिताचे निवृत्त शिक्षक प्रभाकर सर शुद्धीवर आले, पण बोलेनात. डॉक्टरांनी नाव विचारलं, साल विचारलं, वर्तकनगरच्या घराचा पत्ता विचारला; सर आपले छताकडे बघत राहिले. "ओळखीचं काहीतरी बोलत राहा त्यांच्याशी," एवढं सांगून डॉक्टर गेले.

मुलीने, वल्लरीने, त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, मी कोण? सांगा ना." वल्लरीचे डोळे भरून आले.

सरांच्या पत्नी उत्तराबाईंनी मात्र चष्मा लावला आणि सलाइनच्या बाटलीवरचा नंबर मोठ्याने वाचला. "दोन कोटी चार लाख सत्तर हजार एकशे एकतीस. अहो, ही मूळ संख्या आहे बघा. हिला कशानेच भाग जात नाही."

"आई, आत्ता गणित कसलं काढतेस?" वल्लरी वैतागली.

तेवढ्यात सरांच्या भुवया आक्रसल्या. ओठ हलले. "अगं, अंकांची बेरीज अठरा येते," ते अडखळत म्हणाले. "नऊने भाग जातो. अकरानेही जातो. काय शिकवलं मी तुला इतकी वर्षं?"

वल्लरी रडता रडता हसायला लागली. "बरं झालं आई, तुझं गणित कच्चं आहे ते!"

"कच्चं कसलं? नऊचं मला दिसलं होतं," उत्तराबाई सरांचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या. "पण बरोबर सांगितलं असतं, तर हे मान हलवून परत झोपले असते. यांना बोलतं करायला बायकोची चूकच लागते."