मातकट

संग्रहालयात कीटकांच्या पेट्या लावणाऱ्या ताई कुणाच्या अध्यात ना मध्यात. कपडेही बारा महिने मातकट. नवी मुलगी पिवळ्याधमक कपड्यांत कामावर आली, तेव्हा ताईंनी तिच्यापुढे झाडाची साल धरली. "यावर एक पतंग बसलाय. शोध बघू."

मुलीला काही तो सापडेना.

"पक्ष्यालाही सापडत नाही," ताई हसल्या. "हा सालीचा रंग घेऊन चिडीचूप बसतो, आणि पक्षी जो दिसेल त्याला टिपतो."

दुपारी साहेबांनी मुलीला आत बोलावून दार लावून घेतलं. ताई पेटीची काच पुसत राहिल्या. ती लाल डोळ्यांनी बाहेर आली, तरी त्यांनी ब्र काढला नाही. मग ते रोजचंच झालं.

महिन्याभराने मुलगी मातकट कपडे घालून आली आणि ताईंच्या शेजारी बसली.

"ताई, साहेब तुम्हालाही असंच आत बोलवायचे?"

ताईंची मान खाली गेली. "पहिल्या वर्षी," त्या कशाबशा म्हणाल्या. "मग मी असले कपडे घालायला लागले."

"मग पहिल्या दिवशी मला पतंगाचं सांगितलंत, साहेबांचं का नाही सांगितलं?"