हवेलीची सहल

साम्राज्याच्या लुटीवर मी प्रबंध लिहीत असल्यामुळे इंग्लंडमधली एकही सहल मी मैत्रिणींना सुखाने उपभोगू दिली नव्हती. एका उमरावाची हवेली पाहायला गेलो, तेव्हा इफेओमा या मैत्रिणीने दारातच दटावले, "बाई गं, आज भाषण नको. इथल्या उपाहारगृहात निवांत केक खाऊ दे."

तरीही दिवाणखान्यातली चांदी कोणत्या वसाहतींतून ओरबाडली, हे मी तिथल्या वृद्ध स्वयंसेविकेला संदर्भांसह सुनावले. तिने मान डोलावत ऐकले. "किती छान सांगतेस गं! आमच्याकडे रविवारी माणसं कमी पडतात. येशील मदतीला?"

इतका सभ्य श्रोता मला विद्यापीठातही लाभला नव्हता. मी होकार दिला.



आता दर रविवारी मैत्रिणी सहलीला जातात, आणि त्या लुटीला कुणी हात लावू नये म्हणून मी बिनपगारी पहारा देते.