निम्मं छप्पर

"अहो बिडकर, ‘होय, हे खरे आहे’ असं उत्तर विधानसभेत देतात का?" उपसचिवांनी मसुदा परत ढकलला. "‘अंशतः खरे आहे’ करा."

एका झेडपी शाळेचं छप्पर कोसळलं हे खरे आहे काय, असा आमदारांचा प्रश्न होता. सरकारने ‘होय’ म्हटलं तरच दुरुस्ती होणार होती. बावीस अधिवेशनांची उत्तरं लिहून थकलेल्या बिडकरांनी मुख्याध्यापिकेला फोन लावला.

"बाई, छप्पर नेमकं किती पडलंय?"

"निम्मं. तिसरी-चौथीचं. पहिली-दुसरीवर अजून आहे, साहेब."

बिडकरांना हायसं वाटलं. सरकारी उत्तर पहिल्यांदाच शब्दशः खरं होतं. त्यांनी सही केली.

पुढच्या अधिवेशनाआधी बाईंचाच फोन आला.

"साहेब, काल उरलेलंही पडलं. रविवार होता म्हणून पोरं वाचली. आता तुम्हाला पूर्ण खरं लिहायला काही हरकत नाही."