महिन्याभराचं ऊन

भगवानराव डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून काचेची पिचकारी काढली, तिला सुई बसवली आणि म्हणाले, "या वेळी पाजायचं नाही. सुईनंच देतो. पोरगी फारच खंगलीय."

कुसुमबाईच्या मांडीवर तीन वर्षांची शेवंता पडली होती. तिच्या भावाची लेक. बहात्तरच्या दुष्काळात भाऊ नागनाथ आणि भावजय सगुणाबाई पोरीला तिच्या ओटीत घालून ऊसतोडीला गेले, ते तिकडच्याच मुलखात पोटाला लागले. आता दिवाळीला न्यायला येणार होते. त्यांच्या हवाली काय करायचं, हा घोर कुसुमबाईला लागला होता. दहा दिवस झाले, पोरगी अन्नाला शिवत नव्हती. पाणी मात्र तांब्यावर तांब्या. प्यायली की ओकायची, नाहीतर लघवीला बसायची. अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी गंगाखेडच्या याच दवाखान्यात आणली, तेव्हा तिचं दुखणं वेगळंच होतं. पाय धनुकलीसारखे वाकले होते आणि मनगटं सुजली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी मुडदूस सांगितला.

"लेकराला ऊन लागत नाही का?" त्यांनी विचारलं होतं.

"लागतंय की. दिसभर अंगनातच आसती."

धडधडीत खोटं. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या तेलकट औषधाची इवलीशी काचेची कुपी फोडली, दुधातून पाजली आणि दीड महिन्यानं परत बोलावलं. अडाणी बाईला समजावं म्हणून वर म्हणाले, "या एका कुपीत महिन्याभराचं ऊन आहे असं समजा."

कुसुमबाईनं अगदी तसंच समजून घेतलं.

कारण आपण पोरीचं किती ऊन खाल्लंय, हे तिला तोंडपाठ होतं. मार्गशीर्ष ते ज्येष्ठ, सात महिने. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. तिथं सुरुंग उडायचे म्हणून मुकादम लेकरं आणू देत नव्हता. शेजारपाजार सगळा त्याच कामावर, आणि घरामागं बिनकठड्याची विहीर. मग ती शेवंतापाशी भाकरतुकडा आणि पाण्याची वाटी ठेवायची, बाहेरून कडी घालायची आणि निघायची. घराला खिडकी नव्हती. पहिल्या पहिल्यांदा पोरगी दारावर थापा मारायची. बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायच्या आणि कुसुमबाई पाय उचलून चालायची. पुढं पुढं थापा बंद झाल्या. संध्याकाळी कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून ती परत यायची, तेव्हा पोरगी दाराशीच भुईवर झोपलेली असायची. काम संपलं, पाऊसपाणी झालं, तरी पोरगी उंबरा ओलांडेना. उजेडात डोळे मिटून घ्यायची.

हे भावाला कळवायची कुसुमबाईची छाती झाली नाही. लेकरू लहान आहे, विसरलं असेल, एवढाच तिला आधार होता. त्या आधारावर तिला घास गिळता येत होता.

तर सात महिन्यांचं ऊन तिच्या अंगावर होतं आणि ते भाऊ यायच्या आत तिला परत करायचं होतं. दर बाजाराला ती एस.टी.नं गंगाखेडला यायची, तीच जुनी चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवायची आणि एक कुपी घेऊन जायची. दुकानदारानं चिठ्ठी कधी नीट वाचली नाही. पोरगी मलूल झाली, तेव्हा हिला वाटलं, ऊन अजून कमीच पडतंय. शेवटची कुपी पाजली आणि शेवंतानं अंथरूणच धरलं. तेव्हा कुठं हिच्या मनात पाल चुकचुकली. रिकाम्या कुप्या डबीत घालून ती आज घेऊन आली होती. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर डबी पिशवीतच राहिली. "लय पानी मागायलीय," एवढंच ती बोलली.

डॉक्टरांनी नव्या कुपीची मान मोडली. टक् असा आवाज झाला. औषध पिचकारीत चढलं. त्यांनी शेवंताची मांडी चाचपली.

कुसुमबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा सायेब." तिनं पिशवीतली डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. सहा कुप्या घरंगळल्या.

"एवढ्या?"

"आन तुमची एक. सात."

डॉक्टरांनी एक कुपी उचलून पाहिली. "अहो बाई, पण का?"

"एका कुपीत म्हयन्याचं ऊन म्हनला व्हता तुमी. आन मी सात म्हयने हिला..." तिनं तोंडात पदर कोंबला.

डॉक्टर रागं भरायला निघाले होते. पण ते तर त्यांचेच शब्द होते. हातातल्या सुईकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पिचकारी मोरीत रिकामी केली. मग भराभर चिठ्ठी लिहिली.

"वेळेवर बोललात. ही टोचली असती तर पोर हातची गेली असती. आता वाचेल. पहिल्या गाडीनं परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, सलाईन लावावं लागेल. हे औषध जास्त झालं की विष होतं, ते बंद. दूध बंद. पाणी मागेल तेवढं द्या."

कुसुमबाई रडत रडत मान हलवत होती.

"आणि परत आल्यावर दोन महिने हिला अजिबात उन्हात न्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "घरातच ठेवायचं."

सकाळपासून शेवंता एक शब्द बोलली नव्हती. तिनं डोळे उघडले आणि कुसुमबाईचा पदर मुठीत धरला.

"आत्या," ती म्हणाली, "कडी नगं लावू."