कासवांचं गरम पाणी

जानकूनं तिसरी बादली हौदात ओतली आणि वाफेत हात घालून पाणी चाचपलं. कोमट झालं होतं. तळाच्या वाळूत रुतलेली कासवाची मादी चाळवली, मऊ पाठ हलवत वर आली, नाक काढून फुरफुरली.

"उठली बया," जानकू हसला.

"मामा, हे काय करताय?" मागं अश्विनी उभी होती.

नदीतली कमी होत चाललेली कासवं वाढवायची, म्हणून तिनं जुन्नरजवळ हे छोटंसं केंद्र थाटलं होतं. हौदात एकच जोडी. तीन वर्षांत एक अंडं नाही. यंदाही आलं नाही तर केंद्र बंद होणार होतं. खाणं बदललं, वाळू बदलली, डॉक्टर झाले. आज ती पहिल्यांदाच भल्या सकाळी आली, आणि चूक समोर चुलीवर तापत होती.

"रोज ओतता?"

"थंडीभर. लई गारठत्यात हो ताई. निपचित पडत्यात."

"पडू द्यायचं, मामा. थंडीत ती निवांत झोपली तरच पुढं अंडी धरतात. तुम्ही त्यांना झोपूच दिलं नाही."

जानकू आंबेगावच्या डोंगरातला. भातखाचरं लेकाच्या हवाली करून खाली केंद्रावर कामाला आलेला. घरी थंडीत पाणी तापवायची ती त्याची चिमाबाई. चुलीपुढं बसून गायची,

थंडीच्या दिसात, पाणी ठेविलं चुलीवरी
उठा माझे धनी, ऊन आलं उंबऱ्यावरी

तो मुद्दाम घोंगडीत पडून राही. ओवी दुसऱ्यांदा ऐकायला मिळावी म्हणून. चिमाबाई गेली, त्याला उठवणारं कुणी राहिलं नाही. मग इथं येऊन तोच उठवायला लागला.

"आन् न्हाई उठली तर?" त्यानं विचारलं.

"उठतील. मी सांगते ना."

त्यानं लाकडं ओढली, चूल विझवली. पण हौदाचा काठ सोडला नाही. पौष गेला, माघ गेला. कासवं वाळूत दिसेनाशी झाली. जानकूचा हात पाण्याकडं जाई आणि अर्ध्यातून मागं येई. भाकरीसुद्धा तो तिथंच बसून खाई.

"काय मामा, अंडी तुमीच उबवनार का?" राखणदार आदेश चिडवायचा.

जानकू हसायचा नाही.

उन्हाळ्यात हौदाकाठच्या वाळूत अंडी सापडली. अकरा. आदेशनं जुन्नरच्या बाजारातून पेढे आणले, अश्विनी सगळ्यांना फोन करत सुटली. जानकूनं एक पेढा खाल्ला आणि वाळूवर सावलीला गोणपाट बांधायला गेला. त्याचं पोट त्याआधीच भरलं होतं, होळीच्या दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी ऊन तापलं होतं. तळाची वाळू जराशी हलली. मग मान. मग तेच टोकदार नाक पाण्याबाहेर. कुणी हाक मारली नव्हती, पाणी ओतलं नव्हतं. जानकूनं डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडाला लावली. त्याचे खांदे हलत होते.

अश्विनी शेजारी बसली. "म्हटलं नव्हतं, मामा? उठतात."

त्यानं टोपीनं डोळे पुसले.

"चिमा बी अशीच गार पडली व्हती, ताई. म्या उठवलं न्हाई. म्हणलं, दमलीय, झोपू दे आज."